266 किलोंचा तारानेन्को

वेटलिफ्टिंगच्या हॉलमध्ये ‘266’ म्हटलं, की जुन्याजाणत्यांच्या तोंडी लिओनिद तारानेन्कोचं नाव येतं. 26 नोव्हेंबर 1988 रोजी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथं या बेलारशियन पैलवानानं क्लीन अँड जर्कमध्ये 266 किलो उचलले. धान्याची पन्नास किलोंची पाच पोती एकावर एक रचली, तरी ती कमीच पडावीत!

आजच्या पद्धतीनं हे वजन बारवर चढवायचं, तर दोन्ही टोकांना 25 किलोंच्या चार-चार लाल प्लेटी, त्यांच्या शेजारी 20 किलोंची एकेक निळी, शिवाय अर्ध्या किलोची भर आणि कॉलर. एवढ्या ओझ्यानं पोलादी दांडाही वाकतो. तो आधी खांद्यावर घ्यायचा, खोल बैठकीतून उठायचं आणि मग एका झटक्यात डोक्यावर न्यायचा. बघ्यांना जोर हातांचा वाटतो, पण खरी कसोटी मांड्यांची आणि पाठीची.

तारानेन्कोचा जन्म 1956 चा, बेलारूसच्या ब्रेस्ट प्रांतातल्या मालोरिता गावातला. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये 110 किलो गटात एकूण 422.5 किलो उचलून त्यानं सुवर्ण जिंकलं. 1984 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकवर सोव्हिएत संघानं बहिष्कार टाकला. 1988 मध्ये सोलला सर्वांत वजनदार गटाचं सुवर्ण नेलं ते बेलारूसच्याच अलेक्सांद्र कुर्लोविचनं. तारानेन्को तिथं खेळलाच नाही. कॅनबेराचा पराक्रम सोलनंतर दोनच महिन्यांनी घडला. राग काढला म्हणावं, तर असा! चार वर्षांनी बार्सिलोनात दोघं समोरासमोर आले. पुन्हा सुवर्ण कुर्लोविचला, रौप्य छत्तिसाव्या वर्षी तारानेन्कोला. गंमत म्हणजे त्याचं पहिलं पदक सोव्हिएत संघाच्या नावावर, दुसरं माजी सोव्हिएत देशांच्या संयुक्त संघाच्या.

1993 मध्ये वजनगट बदलले आणि जुने विक्रम अधिकृत यादीतून गेले. तो काळ उत्तेजकांच्या संशयानं झाकोळलेला होता, त्यामुळे त्या आकड्यांकडे आजही कुणी निःशंकपणे बघत नाही. लिफ्टर मात्र 266 विसरले नाहीत. इराणचा रझाजादे जवळ पोहोचला, तरी आकडा टिकला. अखेर डिसेंबर 2021 मध्ये ताश्कंदला जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेनं 267 किलो उचलले. एका किलोसाठी तेहतीस वर्षं जावी लागली.

आपल्याला तारानेन्को जवळचा वाटावा, असं एक कारण आहे. निवृत्तीनंतर त्यानं भारताच्या महिला लिफ्टरना शिकवलं. 2000 मध्ये सिडनीला 69 किलो गटात कर्णम मल्लेश्वरीनं 110 आणि 130 असे 240 किलो उचलून कांस्य मिळवलं. शेवटच्या प्रयत्नात 137.5 किलो तिला पेलले नाहीत, पण ऑलिंपिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्या पदकाची आठवण निघेल, तेव्हा मल्लेश्वरीमागोमाग या प्रशिक्षकाचंही नाव घ्यायला हवं.