तिला जास्त का?

समजा, दिवाळी आठवड्यावर आलीय आणि नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात तुमच्या मामाचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकांची ही गर्दी! सकाळपासून तुम्ही उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालताय. काठावर काठ, पदर आत, पुन्हा दुमड. रात्री मामा गल्ल्यातून काढून तुमच्या हातावर पन्नास रुपये ठेवतो. काय आनंद! तेवढ्यात मामेबहीण मूठ उघडते. शंभर! आणि ती तर चार वाजता आली होती.

तुमच्या पन्नासातला एक पैसाही कमी झालेला नाही. मग आनंद कुठे पळाला?

जॉन स्टेसी अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये हे कोडं उलगडलं. आपण नुसते पैसे मोजत नाही, मनात अपूर्णांक मांडतो. वर मिळालेलं, खाली त्यासाठी घातलेलं : वेळ, कष्ट, कौशल्य. मग शेजारच्याचाही मांडतो. दोन्ही जुळले तर मन शांत, नाहीतर धुसफुस सुरू. आता मामी सांगते, "अरे, ती काल दिवसभर राबली, त्याचेही त्यात आलेत." झालं! पैसे तेवढेच, पण राग उतरला, कारण तिच्या अपूर्णांकातला खालचा आकडा बदलला.

तो खालचा आकडा दिसायला हवा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन 'लिज्जत' सुरू केलं. तिथल्या बहिणी पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात आणि मजुरी मिळते किलोप्रमाणे. कुणी किती लाटले, ते काटाच सांगतो.

आणि मुलांचं काय? २०१५ मध्ये ७ देशांतल्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात भारतही होता. दोन मुलं समोरासमोर, मध्ये गोळ्या. एकाच्या हाती दोन दांडे. हिरवा ओढला तर गोळ्या दोघांना, लाल ओढला तर कुणालाच नाहीत. 'मला १, त्याला ४' असं दिसलं की सातही देशांतली मुलं, थोडी मोठी झाली की, लाल दांडा ओढू लागत. हातची गोळी गेली तरी चालेल! पण 'मला ४, त्याला १' असतानाही लाल दांडा ओढणारी मोठी मुलं फक्त कॅनडा, अमेरिका आणि युगांडात आढळली.

तुमच्यासमोर ४ गोळ्या असत्या, तर तुम्ही कोणता दांडा ओढला असता? खरं खरं लिहून कळवा.