दहा टॉवेल, अडीचशे डॉलर

२४ जानेवारी २०२३. अमेरिकी सिनेटच्या न्यायविषयक समितीसमोर क्लाइड लॉरेन्स हा तरुण गायक साक्षीला बसला होता. दोनच महिन्यांपूर्वी टेलर स्विफ्टच्या दौऱ्याची तिकिटं विकताना टिकेटमास्टरची यंत्रणा कोलमडली होती, त्यावरून ही सुनावणी. लॉरेन्सने मात्र आपल्या आठ जणांच्या बँडचा हिशेब उलगडला. तिकीट ३० डॉलरचं, वर शुल्क १२. प्रेक्षकाच्या खिशातून गेले ४२. त्यातले बँडच्या वाट्याला १२, आणि दौऱ्याचा खर्च वजा जाता उरले ६. ते आठ जणांनी वाटून घ्यायचे! शिवाय घाम पुसायला दहा धुतलेले टॉवेल दिले, की बिलात २५० डॉलर लागतात, हेही त्याने सांगून टाकलं.

यातली खरी मेख पुढेच आहे. कार्यक्रमाची आयोजक लाइव्ह नेशन, बऱ्याचदा सभागृह तिच्याच ताब्यात, आणि तिकिटं विकणारी टिकेटमास्टरही तिचीच. बँडने घासाघीस करायची कोणाशी?

या साखळीची पहिली कडी घडवली फ्रेड रोझन या वकिलाने. १९७६ साली ॲरिझोनात सुरू झालेल्या टिकेटमास्टरची सूत्रं १९८२ मध्ये त्याच्या हाती आली, तेव्हा बाजारात दबदबा होता टिकेट्रॉन या कंपनीचा. तिकीटविक्रीच्या यंत्रणेसाठी सभागृहाने पैसे मोजायचे, असा तेव्हाचा रिवाज. रोझनने उलट सभागृहांनाच पैसे द्यायला सुरुवात केली. प्रेक्षकाकडून शुल्क घ्यायचं, त्यातला वाटा सभागृहाला, वर आगाऊ रक्कम. अट एकच, पुढची काही वर्षं तिकिटं दुसऱ्या कोणी विकायची नाहीत. शुल्क वाढलं की सभागृहाचा वाटाही वाढणार आणि लोकांच्या शिव्या मात्र टिकेटमास्टर खाणार. असा सौदा कोण नाकारील? १९९१ साली टिकेट्रॉनच टिकेटमास्टरने गिळली.

या मक्त्याला पहिली मोठी टक्कर दिली पर्ल जॅमने. सिॲटलचा हा बँड तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होता. तिकीट २० डॉलरच्या आत ठेवायचं आणि शुल्कही माफक घ्यायचं, एवढाच त्यांचा हट्ट. ३० जून १९९४ रोजी जेफ अमेंट आणि स्टोन गोसार्ड हे वादक संसदेच्या उपसमितीपुढे साक्ष देऊन आले. पुढल्या वर्षी बँडने टिकेटमास्टरला वगळून दौरा काढला. पण मोठी सभागृहं करारांनी बांधलेली, म्हणून आडवळणाच्या जागा शोधण्याची वेळ आली. त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये गायक एडी वेडर आजारी असूनही उभा राहिला, पण मध्येच त्याला थांबावं लागलं. उरलेला कार्यक्रम नील यंगने ओढून नेला. काही दिवसांतच सरकारने एक छोटंसं पत्रक काढून टिकेटमास्टरच्या मक्तेदारीची चालू असलेली चौकशी गुंडाळली. १९९८ च्या दौऱ्यात पर्ल जॅमची तिकिटं पुन्हा टिकेटमास्टरच विकत होती.

२००९ साली टिकेटमास्टर आणि लाइव्ह नेशनच्या विलीनीकरणाची चर्चा सुरू झाली, तेव्हा ब्रूस स्प्रिंगस्टीनने जाहीर पत्र लिहून संताप व्यक्त केला. तरीही जानेवारी २०१० मध्ये सरकारने मान्यता दिली. अट घातली, की दुसऱ्याकडे तिकिटं विकायला देणाऱ्या सभागृहांवर सूड उगवायचा नाही. ही अट वारंवार मोडली गेल्याचं सरकारनेच २०१९ मध्ये सांगितलं. शिक्षा काय? अटींची मुदत वाढवली!

आता हेरगिरीचा किस्सा. एका छोट्या प्रतिस्पर्धी कंपनीतून आलेला कर्मचारी लाइव्ह नेशनमध्ये रुजू झाला, तो जुन्या कंपनीचे पासवर्ड घेऊनच. २०१४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बैठकीत सहकाऱ्यांसमोर त्या कंपनीच्या यंत्रणेत शिरून दाखवण्यात आलं. पुढे त्या कर्मचाऱ्याला बढतीही मिळाली. प्रतिस्पर्धी कंपनी मात्र टिकली नाही. डिसेंबर २०२० मध्ये टिकेटमास्टरने १ कोटी डॉलरचा दंड भरून प्रकरण मिटवलं.

मे २०२४ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने लाइव्ह नेशनवर खटला भरला. मोठ्या सभागृहांतल्या कार्यक्रमांची ८० टक्के किंवा त्याहून जास्त तिकीटविक्री टिकेटमास्टरकडे आहे, असं त्यात म्हटलं होतं. कंपनीने मक्तेदारीचा आरोप नाकारला. आपल्याकडेही बुकमायशो आणि चित्रपटगृहांमधल्या करारांची चौकशी करण्याचा आदेश भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०२२ मध्ये दिला होता.

एरवी स्पर्धा वाढली की भाव उतरतात. तिकिटांच्या धंद्यात मात्र सभागृह पटकावण्यासाठी कंपन्या बोली चढवतात आणि त्या बोलीचे पैसे शेवटी प्रेक्षकाच्या शुल्कातून वसूल होतात. त्यामुळे नुसती दुसरी कंपनी आली म्हणून शुल्क कमी होईल, या भ्रमात राहू नये. एकाच विक्रेत्याला बांधून घेणारे हे दीर्घ मुदतीचे करार आधी मोडायला हवेत.