कांटेरी रोग्याचें औषध

मुक्या प्राण्याला औषध पाजणें ही गोष्ट ऐकण्यास जितकी सोपी, तितकीच करण्यास अवघड आहे. लहान मूल औषधाला नाक मुरडतें, तेव्हां त्याला समजावतां येतें, खाऊचें आमिष दाखवितां येतें, आणि प्रसंगीं डोळेहि वटारतां येतात. जनावराजवळ यांपैकीं फारसें कांहीं चालत नाहीं. पुढें केलेला कडू रस आपल्या बऱ्यासाठींच आहे, हें त्याला कळण्याचा मार्गच नाहीं. त्यांतून तो प्राणी संकटाची चाहूल लागतांच अंगाचा गोळा करून चहूंकडून कांटे उभारणारा असेल, तर पाळणाऱ्याची खरी परीक्षा होते. इंग्लंड-अमेरिकेंतील कित्येक घरांत पाळला जाणारा हेजहॉग हा असाच एक रोगी होय.

कांटेरी जनावर म्हटलें कीं आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढें साळिंदर उभें राहतें. परंतु साळिंदर हें उंदराप्रमाणें कुरतडणारें जनावर. हेजहॉगचें नातें चिचुंद्रीशीं अधिक जवळचें आहे. त्याच्या कांहीं रानटी जाती राजस्थान व गुजराथ येथील कोरड्या प्रदेशांत आणि दक्षिणेस तामिळनाडूंत आढळतात. पण रानांतून धरून आणून घरांत बाळगण्याचे ते प्राणी नव्हेत. पाश्चात्य घरांतून पाळली जाणारी जात आफ्रिकेंतील, सहाराच्या दक्षिणेकडील प्रदेशांतील आहे. अमेरिकेंत हा शोक १९८० नंतरच्या काळांत वाढला. मात्र कॅलिफोर्निया व हवाई या राज्यांत हा प्राणी पाळण्यास कायद्यानें मनाई आहे. इंग्लंडांत बीट्रिक्स पॉटर या लेखिकेनें तेथील रानटी हेजहॉगच पाळला होता, आणि १९०५ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या मुलांच्या पुस्तकांतील मिसेस टिगी-विंकल ही परटीण तिनें त्यावरूनच रंगविली.

या प्राण्याचें सर्व संरक्षण त्याच्या पाठीवर आहे. कातडीच्या कडेनें एक वर्तुळाकार स्नायु असतो. बटव्याची नाडी ओढावी त्याप्रमाणें तो आंवळला, कीं डोकें, पाय व पोट आंत जाऊन बाहेर केवळ कांट्यांचा चेंडू उरतो. हा चेंडू बळानें उघडण्याचा प्रयत्न केला, तर बोटें रक्तबंबाळ होतात आणि रोगी अधिकच आंवळून बसतो. पशुवैद्यांना देखील नीट तपासणी करावयाची झाल्यास पुष्कळदां त्याला गुंगीचा वायु द्यावा लागतो. तेव्हां घरच्या माणसानें ज्या मार्गाला लागावयाचें, तो जुलुमाचा असूं शकत नाहीं.

दुसरी अडचण मापाची आहे. पूर्ण वाढलेल्या पाळीव हेजहॉगचें वजन साधारणपणें ३०० ते ६०० ग्रॅम भरतें. ४०० ग्रॅमचा रोगी घेतला, तर ६० किलोचा मनुष्य त्याच्या दीडशें पट भरेल. औषधाची मात्रा वजनावर ठरत असल्यामुळें ती फारच लहान होते. समजा, वैद्यानें एका वेळीं ०·२ मिलिलिटर औषध सांगितलें. एक थेंब सुमारें ०·०५ मिलिलिटरचा धरला, तर सगळी मात्रा अवघ्या चार थेंबांची झाली. त्यांतील एक थेंब मान झटकल्यानें उडून गेला, तर पाव औषध वायां गेलें. म्हणून चमच्याचा अंदाज येथें उपयोगी नाहीं. एक मिलिलिटरची, बारीक रेघांची, सुई काढलेली पिचकारीच हवी.

वेळ कोणती निवडावी? हेजहॉग हा निशाचर आहे. दिवसां झोपलेल्या रोग्याला उचलून त्याच्या तोंडाशीं औषध नेलें, तर तो गोळा करणारच. दोन मात्रांत बारा तासांचें अंतर ठेवावयाचें असेल, तर एक रात्रीं आठच्या सुमारास, तो जागा होऊन अन्न हुंगूं लागतो तेव्हां, व दुसरी सकाळीं आठला, असा क्रम बरा पडतो. दिवा मंद असावा, बोलणें हळू असावें. खोली उबदारहि हवी. ही आफ्रिकेंतील जात थंडीनें सुस्त पडते, आणि तिची ती निद्रा जिवावर बेतूं शकते. २४ ते २९ अंश सेल्सिअसची ऊब तिला मानवते.

रोग्याला टॉवेलावर पोट खालीं करून ठेवावें व तो आपण होऊन नाक बाहेर काढीपर्यंत थांबावें. नंतर पिचकारीचें टोंक समोरून न नेतां ओंठांच्या बाजूनें न्यावें, एक थेंब सोडावा, जीभ फिरून तो गिळला जाऊं द्यावा, आणि मगच दुसरा द्यावा. उताणा धरून औषध ओतणें हें सर्वांत धोक्याचें. तें श्वासनळींत उतरून फुप्फुसाला अपाय होतो. ठसका लागला, किंवा नाकाशीं बुडबुडे दिसले, तर तेथेंच थांबून पशुवैद्याला कळवावें.

आपल्याकडील घरांना अनुपान हा शब्द नवा नाहीं. मधाचें बोट लावून मात्रा चाटविण्याची रीत पिढ्यान् पिढ्यांची आहे. हेजहॉगलाहि अनुपान लागतें, पण तें त्याच्या आवडीचें. पिठांत होणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळ्या पाश्चात्य देशांत पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठीं विकत मिळतात. त्या अळीच्या पोटांत बारीक सुईनें औषध भरून ती पुढें केली, तर रोगी पुष्कळदां बिनतक्रार खातो. कोणी कुस्करलेल्या केळ्याच्या चिमटींत औषध घालतात. दूध मात्र वर्ज्य समजावें. इंग्लंडांत बागेंतल्या हेजहॉगला दूध-पाव घालण्याची जुनी चाल होती. परंतु दुधांतील साखर त्याला पचत नाहीं व जुलाब होतात. शिवाय दुधांतील चुन्याशीं कांहीं जंतुनाशक औषधें बांधलीं जाऊन त्यांचा गुण कमी होतो.

अनुपान अगदीं थोडें असावें, व तें रोजच्या जेवणांत मिसळूं नये. सगळ्या वाटींत औषध कालवलें आणि अर्धी वाटी उरली, तर पोटांत किती गेलें हें कोणालाच सांगतां येत नाहीं. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. १९५५ सालीं जॉन गार्सिया व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंत उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोड पाणी पितांना ज्या उंदरांवर किरणांचा मारा झाला, ते पुढें त्या गोड पाण्यालाच टाळूं लागले. आजारपण व चव यांची सांगड प्राण्याच्या मनांत लवकर बसते आणि फार काळ टिकते. नित्याच्या अन्नाला कडू औषधाची आठवण चिकटली, तर रोगी अन्नच सोडील. आणि उपाशी हेजहॉगच्या यकृतांत चरबी सांचून मूळ दुखण्याहून मोठें संकट ओढवूं शकतें.

या प्राण्याची एक चमत्कारिक संवयहि पाळणाऱ्याला ठाऊक असावी. नवा वास किंवा नवी चव लागली, कीं तो तोंडांत फेस आणतो आणि मान वांकडी करून तो जिभेनें आपल्या कांट्यांवर फांसतो. औषधानंतर असें झालें, तर विषबाधा झाली म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु औषधाचा कांहीं भाग पाठीवर गेला हें खरें. अशा वेळीं अंदाजानें दुसरी मात्रा देऊं नये. किती दिलें व किती सांडलें याची टिपणी ठेवून वैद्याला विचारावें.

सर्व उपाय थकले, म्हणजे औषध गुपचुप बंद करणें हा मोह होतो. दोन दिवसांत रोगी जरा हुशार दिसला, तर तो मोह अधिकच बळावतो. पण जंतुनाशक औषध अर्ध्यावर सोडल्यास उरलेले जंतु पुन्हां डोकें वर काढतात. वैद्याजवळ दुसरे मार्ग असतात: चव बदललेलें औषध, कातडीखालीं टोंचण्याचें औषध, किंवा कांट्यांत होणाऱ्या किडीसाठीं कातडीवर सोडावयाचे थेंब. ‘औषध पोटांत जात नाहीं’ हें स्पष्ट सांगण्यांत पाळणाऱ्याला कमीपणा नाहीं. न सांगण्यांत मात्र रोग्याचा जीव जाण्याचा संभव आहे.

ज्यांच्या घरीं मांजर किंवा कुत्रा आहे, त्यांनाहि हे नियम लागू पडतात. मांजराला कोरडी गोळी दिली, तर मागून थोडें पाणी पाजावें. नाहीं तर ती अन्ननलिकेंत अडकून जखम करते. माणसाच्या कपाटांतलें औषध वैद्याला विचारल्यावांचून देऊं नये. तापावरची पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराला प्राणघातक ठरते. शुश्रूषेनंतर हात साबणानें धुवावेत. अमेरिकेंत १९९४ सालीं पाळीव हेजहॉगपासून एका लहान मुलाला साल्मोनेला जंतूंची बाधा झाल्याची नोंद आहे.

सर्वांत उत्तम तयारी दुखण्यापूर्वींच होते. प्राणी निरोगी असतांना आठवड्यांतून एक-दोनदां रिकाम्या पिचकारींतून त्याच्या आवडीचा थेंबभर रस त्याला चाटवावा. ती पिचकारी त्याला खाऊची वाटूं लागली, म्हणजे पुढें तिच्यांतून कडू औषध आलें तरी पहिला थेंब घेण्यास तो नाक बाहेर काढतो. आणि उरलेले तीन थेंब पोटांत जाण्यास बहुधा तेवढेंच पुरेसें होतें.