रंगांची साक्ष

शंभर वर्षांपूर्वीचे जग डोळ्यांसमोर आणा म्हटले, की ते बहुधा करड्या रंगात येते. याला त्या वेळची छायाचित्रे कारणीभूत आहेत. पूर्वीच्या बऱ्याच काचांवरील लेपाला निळा प्रकाश चटकन कळे, तांबडा जवळपास कळतच नसे. त्यामुळे निळे आकाश पांढरे पडे आणि कपाळावरचे लाल कुंकू काळे उमटे.

म्हणून मूळच्या रंगीत छायाचित्रांना मी वेगळा पुरावा मानतो. याचे बोलके उदाहरण रशियात सापडते. सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की (1863-1944) यांनी 1909 ते 1915 या काळात झार दुसरा निकोलस याच्या पाठबळावर साम्राज्याचा मोठा भाग टिपला. प्रवासासाठी त्यांना अंधारखोली असलेला रेल्वेचा डबा मिळाला होता. तांबडाही टिपू शकेल अशा लेपाच्या लांबट काचेवर ते एकाखाली एक तीन चित्रे घेत. निळ्या, हिरव्या आणि तांबड्या काचेआडून. तिन्ही काळी-पांढरीच. पण त्या त्या रंगाच्या प्रकाशात ती पडद्यावर एकमेकांवर नेमकी बसवली, की मूळ रंग परत येत. 1948 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा संग्रह त्यांच्या वारसांकडून विकत घेतला. पुढे संगणकावर तिन्ही चित्रे जुळवण्यात आली.

त्यात 1909 सालच्या तीन शेतकरी मुली आहेत, हातात फळांच्या बश्या घेतलेल्या. करड्या चित्रात आपण ‘गरीब खेडूत’ म्हणून पुढे गेलो असतो. इथे त्यांचे रंगीबेरंगी कपडे दिसतात आणि त्यांनाही आवडनिवड होती, हे जाणवते. तीन चित्रांत थोड्या वेळाचे अंतर असल्याने जे हलले, त्याच्या कडेला रंगीत सावल्या पडल्या आहेत. वाहत्या पाण्यावर तर इंद्रधनुष्याचे तुकडे दिसतात. रंग प्रत्यक्ष नोंदला गेल्याची ही खूणच. अर्थात रंग खरे म्हणून चित्रण निःपक्षपाती ठरत नाही. आश्रय झारचा होता, आणि माणसांना स्तब्ध उभे राहावे लागे.

हा भेद आज महत्त्वाचा झाला आहे, कारण जुने फोटो संगणकाकडून रंगवून घेण्याची हौस घरोघरी पोचली आहे. प्रोकुदिन-गोर्स्कींच्या काचांत रंगाची माहिती होती. आपल्या पणजीच्या फोटोत ती नाही. तिचे लुगडे हिरवे होते की तांबडे, हे करड्या छटेवरून ठरत नाही. यंत्र अंदाज बांधते, आणि पुढची पिढी तोच अंदाज आठवण म्हणून जपते.

फोटो जरूर रंगवावा. मूळ प्रत मात्र तशीच ठेवावी आणि नव्या प्रतीच्या पाठीवर ‘रंग नंतर भरले’ असे लिहावे. त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना लुगड्याचा रंग विचारून घ्यावा. ज्यांनी ते पाहिले, त्यांची साक्ष यंत्राच्या अंदाजाहून मोलाची आहे, आणि ती फार दिवस मिळणार नाही.