रक्तातला आकडा म्हणजे आयुष्याचा निकाल नव्हे

फुफ्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले की फाइलमध्ये सीटी स्कॅन आणि बायोप्सीबरोबर रक्ताचे रिपोर्टही जमा होतात. त्यात ‘ट्यूमर मार्कर’ या मथळ्याखाली एखादा आकडा ठळक छापलेला असतो. तो पाहून घरची माणसे हबकतात, ‘आता किती दिवस?’ असे विचारू लागतात. काही जण तर उपचारच सोडून देतात. म्हणून हे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, ते आम्ही येथे मांडत आहोत.

ट्यूमर मार्कर म्हणजे कर्करोगाच्या पेशींतून, आणि थोड्या प्रमाणात निरोगी पेशींतूनही, रक्तात उतरणारी प्रथिने. फुफ्फुसाच्या बाबतीत तीन नावे जास्त आढळतात. सीईए हे कॅनडातील फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दाखवून दिले. फुफ्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमा प्रकारातही ते बरेचदा वाढते. सायफ्रा २१-१ हा सायटोकेराटिन १९ या प्रथिनाचा तुकडा, स्क्वॅमस प्रकारात अधिक दिसणारा. एनएसई वाढते ते मुख्यतः स्मॉल सेल प्रकारात.

उपचारापूर्वी हे आकडे जास्त असलेल्या रुग्णांचे आयुर्मान, गट म्हणून पाहिले तर, कमी आढळते. गाठ मोठी किंवा पसरलेली असेल तर प्रथिनही सहसा जास्त असते. शस्त्रक्रियेनंतर वाढलेले सीईए खाली आले नाही, तर रोग शिल्लक असल्याची शंका येते. पण ‘गट म्हणून’ हे शब्द विसरू नयेत. शंभर जणांच्या सरासरीवरून एका माणसाचे दिवस मोजता येत नाहीत.

शिवाय आकडा इतर कारणांनीही वाढतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे सीईए मुळातच थोडे जास्त असते. यकृताच्या आजारात सीईए, तर मूत्रपिंडाच्या आजारात सायफ्रा वाढू शकते. नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तर एनएसई खोटेच वाढलेले दिसते. उलट, आकडा नॉर्मल आला म्हणून कर्करोग नाही, असेही नाही. त्यामुळे धडधाकट माणसाने तपासणीच्या पॅकेजमध्ये या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत.

आयुर्मानाचा अंदाज मुख्यतः रोगाचा टप्पा, प्रकार, रुग्णाची ताकद आणि घटलेले वजन यांवरून बांधतात. ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत बदल सापडला तर गोळ्यांचे नेमके उपचार उपलब्ध आहेत. म्हणून डॉक्टरांना विचारा: टप्पा कोणता? जनुकांची तपासणी झाली का? मार्कर पुन्हा करायचा असेल तर त्याच प्रयोगशाळेत करा, कारण पद्धत बदलली की आकडाही बदलतो.

आणखी एक. टीबी आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांची लक्षणे सारखी असतात. टीबीची औषधे चालू असूनही खोकला, रक्त पडणे किंवा वजन घटणे थांबत नसेल, तर पुन्हा तपासणीचा आग्रह धरा. खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. मात्र एका आकड्यावरून उपचार सोडू नका.