तलफ आली, आता कुणाला सांगू? (सवय आणि सुटका : लेखांक ६)

विडीचं बंडल, सिगारेटचं पाकीट किंवा जर्द्याची पुडी, काहीही हातात घ्या. सडलेल्या जबड्याच्या चित्राजवळ एक नंबर छापलेला दिसेल : १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून तो छापणं कंपन्यांना सक्तीचं आहे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी ही सरकारी दूरध्वनी सेवा आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. २०१६ मध्ये ती दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. पुढे मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटरही त्यात आलं, त्यामुळे सातारा-सांगलीच्या माणसाला आपल्या भाषेत बोलता येतं.

पण ज्याच्यासाठी हा नंबर छापला, त्याच्याच नजरेस तो पडत नाही. टपरीवर 'एक दे' म्हटलं की सुटी सिगारेट हातात येते, पाकीट टपरीवाल्याकडेच राहतं. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट-विडी विकायला बंदी घातली तेव्हा हेच कारण दिलं होतं. बंदी कागदावर आहे आणि टपरी जागेवर आहे. खाणाऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. पुडी फोडायची, डबीत ओतायची आणि कागद भिरकावून द्यायचा. डबीच्या एका तोंडाला तंबाखू, दुसऱ्या तोंडाला चुना. नंबर गेला गटारात.

निकोटिन मेंदूत शिरून कोणती कळ दाबतं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज बोलायचंय ते खिशातल्या दुसऱ्या डबीबद्दल, म्हणजे मोबाइलबद्दल. एक डबी दुसरीला हटवू शकते का?

केंद्राच्या आरोग्य खात्याने जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांना सोबत घेऊन जानेवारी २०१६ मध्ये 'एम-सेसेशन' नावाचा कार्यक्रम आणला. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्यायचा. मग तंबाखू सोडायला मदत करणारे संदेश मोबाइलवर येत राहतात. पैसे न घालवता निरोप पोचवायची आपल्या लोकांची जुनी युक्ती सरकारने उचलली, याचं मला कौतुक वाटलं. नोंदणी वीस लाखांच्या पुढे गेली. आता कवठेमहांकाळचा एखादा माणूस दिल्लीच्या नंबरला मिस्ड कॉल देताना 'खात्यातले पैसे तर जाणार नाहीत ना' म्हणून दोनदा विचार करतो, ही गोष्ट निराळी. तशी भीती बाळगायला त्याच्याकडे आज पुरेशी कारणं आहेत.

असल्या संदेशांनी खरंच काही होतं का, हे दोन देशांनी नीट तपासून पाहिलं. न्यूझीलंडमध्ये १,७०५ जणांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००५ मध्ये आले : सहा आठवड्यांनी संदेश मिळणाऱ्या गटातले २८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले १३ टक्के. पण सहा आठवडे म्हणजे काहीच नाही, सोडणाऱ्याची खरी कसोटी पुढेच असते. ब्रिटनचा प्रयोग जास्त कडक होता. ५,८०० धूम्रपान करणारे घेतले. अर्ध्यांना पहिले पाच आठवडे रोज पाच आणि पुढचे २६ आठवडे दर आठवड्याला तीन संदेश पाठवले. बाकीच्यांनाही संदेश गेले, पण त्यात सिगारेट सोडण्याबद्दल अवाक्षर नव्हतं. सहा महिन्यांनी 'सोडली' म्हणणाऱ्यांच्या शब्दावर न विसंबता त्यांची लाळ तपासली. पहिल्या गटात १०.७ टक्के लोकांनी सोडलेली होती, दुसऱ्यात ४.९ टक्के. २०११ मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापलं.

शंभरातले अकरा. म्हणजे ८९ जण ओढतच होते. मंत्र्यांच्या भाषणात यातलं 'दुप्पट' येतं आणि डॉक्टरांच्या खोलीत हे ८९ येतात. तरीही मी या आकड्याला नाक मुरडणार नाही. सातारा आणि सांगली मिळून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ५८ लाखांच्या वर होती. इतक्या लोकांत तंबाखूवाले किती आणि समुपदेशक किती, हे ज्याचं त्याने ताडावं. काही पैशांच्या संदेशाने शंभरामागे पाच-सहा जण जास्त सुटत असतील, तर एवढं स्वस्त औषध दुसरं नाही. या विषयावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा 'कॉक्रेन' या संस्थेने २०१९ मध्ये घेतला. त्यातून दिसलं की संदेशांमुळे सुटण्याचं प्रमाण साधारण दीडपट होतं आणि दुसरी मदत चालू असताना संदेशांची जोड दिली तरीही ते तसंच वाढतं. संदेश आणि माणूस एकमेकांच्या जागा घेत नाहीत, दोघांची कामं वेगळी आहेत.

संदेशाचं काम वेळेचं. तलफ म्हणजे दिवसभर चालणारी कळ नव्हे. ती चढते, शिगेला पोचते आणि साधारण तीन ते पाच मिनिटांत उतरते. पुन्हा येते, पुन्हा उतरते. सोडल्यावर दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड होते, झोप लागत नाही, हात नुसते शिवशिवतात. दोन ते चार आठवड्यांत शरीराची मागणी मंदावते. डॉक्टर दवाखान्यात सकाळी अकराला भेटतो आणि तलफ येते रात्री जेवणानंतर, शेताच्या बांधावर, नाहीतर फलटणला जाणाऱ्या गाडीची वाट पाहताना. त्या पाच मिनिटांत डॉक्टर नसतो, बायको नसते, फोन मात्र असतो. ब्रिटनच्या प्रयोगात लोकांना 'तलफ आलीय' अशा अर्थाचा एक शब्द पाठवायची सोय होती आणि उत्तर लगेच यायचं. माझ्या मते त्या योजनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच.

आता आपल्या मातीवर येऊ. 'धूम्रपान सोडा' हा सगळा मजकूर परदेशातून आला आहे आणि आपल्याकडे तो निम्म्याहून जास्त चुकीच्या पत्त्यावर जातो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के, देशाच्या १०.७ टक्क्यांच्या कितीतरी खाली. पण न ओढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे एक ओढणारा असेल तर सहा जण बार भरणारे, मावा चघळणारे किंवा मिश्री लावणारे. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे, आणि मिरज-जतच्या पलीकडे कर्नाटकची हद्द लागते, हे सांगलीकरांना मी सांगायला नको. त्याच हद्दीवरच्या निपाणीत विडीच्या तंबाखूची मोठी बाजारपेठ आहे आणि शरद जोशींनी १९८१ मध्ये तिथेच तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन उभं केलं. या पट्ट्यात तंबाखू हे काहींचं व्यसन आहे आणि काहींचं पोट.

तळहातावर तंबाखू, त्यावर नखाने घेतलेला चुना, अंगठ्याने मळणं, दोन टाळ्या देऊन भुकटी उडवणं आणि चिमूट ओठाखाली. चुना चवीसाठी लागतो असं खाणारे सांगतात. तो लागतो निकोटिनसाठी. चुन्याने तोंडातला अल्कधर्मीपणा वाढतो आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरतं. सिगारेटवाल्याचा झुरका दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतो. बारवाल्याचं निकोटिन सावकाश चढतं आणि बराच वेळ टिकतं. त्याच्या तलफेचं घड्याळच निराळं. शिवाय त्याला आडोशाला जावं लागत नाही. सभेत, ट्रॅक्टरवर, देवळाच्या पायरीवर, बार कुठेही चालतो. 'टपरी टाळा, मित्रांबरोबर बाहेर जाऊ नका' असा संदेश त्याला पाठवून काय उपयोग?

त्याला उपयोगी पडेल तो संदेश पहाटेचा. स्वीडनच्या कार्ल-ओलोव्ह फागरस्ट्रॉम यांनी बेतलेली प्रश्नावली व्यसनाची खोली मोजायला जगभर वापरतात. त्यातला सगळ्यात बोलका प्रश्न असा : उठल्यावर किती मिनिटांत पहिली घेता? आपल्याकडे याचं उत्तर पुष्कळदा 'संडासला जायच्या आधी' असं येतं. तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही, हे वाक्य वाई-खटावपासून आटपाडीपर्यंत कुठेही ऐका. हसण्यावारी नेऊ नका, त्यात तथ्य आहे. निकोटिन आतड्यांना चाळवतं आणि ते बंद केल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं. माणूस दोन दिवस कळ काढतो, तिसऱ्या दिवशी पोटासाठी म्हणून चिमूट घेतो, की गाडी पहिल्या जागी. मला संदेश लिहायला दिला तर तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी असा पाठवेन : 'काका, आज पोट कुरकुर करणार. दोन तांबे कोमट पाणी प्या, आणि थोडं चालून या. आठवड्याभरात आतडी आपापली चालतील. डबी आज घरात ठेवू नका.' कॅन्सरचा शब्दही नाही. कॅन्सरचं चित्र तो रोज पुडीवर पाहतो आणि रोज फेकतो.

आता माणसाचं काम. व्यसनमुक्तीत ऐकून घेणं म्हणजे काय, हे साताऱ्याला नव्याने शिकवायला नको. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी इथे 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर ते काम पुढे नेत आहेत. तिथला मुख्य झगडा दारूशी. पण या संस्थेने रुजवलेली मानसमित्राची कल्पना तंबाखूलाही लागू पडते. मानसमित्र डॉक्टर नसतो, शिकवून तयार केलेला कार्यकर्ता असतो. मनाचं दुखणं तो ऐकून घेतो आणि गरज पडली तर तज्ज्ञाकडे पोचवतो.

ऐकणं म्हणजे नुसतं 'हं हं' करणं नव्हे. चांगल्या समुपदेशकाचा फोन साधारण असा चालतो. पलीकडून आवाज येतो, 'सोडायचीय हो, पण सुटत नाही.' नवशिका असेल तर लगेच फुप्फुसावर येतो. मुरलेला विचारतो, 'काका, आजवर कधी चार दिवस तरी सुटली होती का?'

'सुटलेली की. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तवा आठ दिवस शिवलो नव्हतो.'

'आठ दिवस? मग अवघड तीन दिवस तुम्ही आधीच एकदा काढलेत. तेव्हा कशामुळे जमलं?'

पलीकडचा माणूस विचारात पडतो. दवाखान्यात डबी नव्हती, मुलगी उशाशी होती, शेजारच्या खाटेवर तंबाखूवालं कुणी नव्हतं. ही उत्तरं तो स्वतः देतो आणि त्याची योजनाही तिथेच तयार होते. मग तारीख ठरते. 'पाडव्याला सोडतो' म्हणणाऱ्याला समुपदेशक हळूच आठवड्यावर आणतो, कारण पाडवा दर वर्षी येतो. तारीख ठरली की पुढच्या फोनचा दिवसही ठरतो. तो फोन येणार हे माहीत असल्यानेच काहींचा हात डबीपासून मागे येतो. मुळात उदास असणारा, झोपेविना तळमळणारा माणूस तंबाखूला औषधासारखा धरून असेल, तर आधी त्या उदासीकडे पाहावं लागतं. त्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत नंबर आहे. ज्याचं अवलंबन फार खोल आहे त्याला निकोटिनचा च्युइंगगम किंवा गोळ्या लागतात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. आणि गम तंबाखूसारखा चावत राहायचा नसतो : थोडा चावून गालात ठेवायचा, झणझण कमी झाली की पुन्हा चावायचा, आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा नाही.

हा फोन सुरू कुठून व्हावा? माझं मत आहे, दाताच्या डॉक्टरकडून. सांगली, कवलापूर, कऱ्हाड इथे दंत महाविद्यालयं आहेत आणि अशा महाविद्यालयांनी तंबाखूमुक्ती केंद्र चालवावं, असा भारतीय दंत परिषदेचा २०१८ पासूनचा आग्रह आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाला डॉक्टर म्हणतो, 'तीन बोटं उभी धरून तोंडात घाला.' सुपारी-मावा खाणाऱ्या पोराची दोनच जातात. आरसा हातात असतो, बोटं स्वतःची असतात. कुठल्याही भाषणाने जे होत नाही ते त्या क्षणी होतं आणि तेवढ्यात त्याचा मोबाइल नंबर नोंदवून घेतला पाहिजे. दुसऱ्या दिवशी तो पोरगा पुन्हा टपरीवर असतो.

बायकांपर्यंत मात्र हे सगळं पोचत नाही. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या १७ टक्के स्त्रिया तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. त्यांच्यात ओढणाऱ्या अगदी तुरळक. घरातला फोन नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. तव्यावर मिश्री भाजणाऱ्या सासूला 'अभिनंदन, आज तुमचा पाचवा दिवस' असा संदेश आला, तर तो आधी नातू मोठ्याने वाचून दाखवणार. तिच्यासाठी लिहिलेल्या संदेशापेक्षा आशाताईची चक्कर भारी पडते. संदेश पाठवायचेच तर आशाताईला पाठवा : आज कुणाच्या दारी जायचं आणि काय विचारायचं.

एक गोष्ट राहिली, घसरण्याची. बहुतेक जण पहिल्या खेपेला घसरतात. घसरलेला माणूस फोन उचलायचा बंद होतो, कारण त्याला लाज वाटते. ब्रिटनच्या योजनेत यासाठीही एक शब्द ठेवला होता : चुकून ओढली तर तो पाठवायचा, आणि ओरडा न बसता उत्तर यायचं. आपल्याकडच्या योजनेत असा शब्द असावा, साधा, 'घसरलो' एवढाच. त्याचं उत्तर लांबलचक नको. 'काका, एक बार म्हणजे एकच बार. उरलेली तंबाखू आत्ता फेका. कुठे बसला होता, कोण बरोबर होतं, ते उद्या सकाळी फोनवर सांगा. मी सातला करते.' आणि सातला फोन गेला पाहिजे.

पुढच्या आठवड्यात मिश्रीबद्दल : ती घरोघरी कशी शिरली, गरोदरपणात काय करते आणि आशाताईंचा तिच्याशी कसा सामना होतो.