जाळ्याचे भाषांतर : काय टिकते, काय गळते

माणसे, गावे, कारखाने, रस्ते यांच्यातील संबंध कागदावर मांडावयाचे झाले तर दोनच गोष्टी पुरतात : ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. ठिपक्याला आम्ही येथे गाठ म्हणू आणि रेषेला दुवा म्हणू. गाठी आणि दुवे मिळून जे होते त्याला गणितात ग्राफ म्हणतात. आपण त्याला जाळे म्हणू. मुख्य मालक, त्याचे ठेकेदार, त्यांचे पोटठेकेदार आणि त्या प्रत्येकाच्या हाताखाली राबणारे कामगार हे असे एक जाळेच होय. कामगार संघटनेचे काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना ते पूर्वी वहीत काढावे लागे. आता ते संगणकावर काढता येते आणि वेबच्या पानावर ठेवून गावोगावच्या शाखांना दाखविताही येते. मात्र ज्या प्रोग्रॅममध्ये ते तयार झाले तेथून वेबच्या पानापर्यंत नेताना त्याचे भाषांतर करावे लागते. या भाषांतरात काय टिकते, काय गळते आणि काय मुद्दाम गाळावयास हवे, एवढाच आजचा विषय आहे.

लिपी एक, भाषा अनेक

संगणक जाळ्याचे चित्र जपून ठेवीत नाही. तो त्याची यादी ठेवतो. ही यादी कशी लिहावयाची याच्या रीती अनेक आहेत. स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथे १९९६ पासून 'पायेक' हा प्रोग्रॅम घडला. या शब्दाचा तिकडच्या भाषेतील अर्थ कोळी, म्हणजे जाळे विणणारा. त्याची फाईल साधी : आधी गाठींची क्रमवार यादी, मग दुव्यांची. जर्मनीतील पासाऊ विद्यापीठात १९९० नंतरच्या दशकात 'जीएमएल' ही रीत निघाली. २००० साली ग्राफ रेखाटणाऱ्या संशोधकांनी 'ग्राफएमएल'चे काम हाती घेतले. 'गेफी' या प्रोग्रॅमच्या मंडळींनी २००७ पासून 'जीईएक्सएफ' ही रीत सुरू केली. तिच्यात गाठीचा रंग, आकार आणि जागा हेही नोंदविता येते. प्रत्येकाने आपापल्या गरजेपुरते भांडे घडविले, म्हणून भांडी निरनिराळी झाली.

वेबच्या पानावर चित्र काढणारा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालतो. ब्राउझरची बोली जावास्क्रिप्ट, आणि त्या बोलीला सर्वांत सुलभ असे लेखन म्हणजे 'जेसन'. म्हणून बहुतेक जण सांगतात, "फाईल जेसनमध्ये करून टाका, म्हणजे झाले." पण तेवढ्याने होत नाही. जेसन ही लिपी आहे, भाषा नव्हे. देवनागरीत मराठी लिहितात, हिंदी लिहितात, नेपाळीही लिहितात. अक्षर ओळखीचे आहे म्हणून मजकूर समजेलच असे नाही. 'डी३' या संचाच्या प्रचलित रीतीत गाठींची एक यादी आणि दुव्यांची एक यादी लागते. 'सायटोस्केप'ला प्रत्येक गाठीचा व दुव्याचा तपशील 'डेटा' नावाच्या वेगळ्या डब्यात हवा असतो. 'सिग्मा'ला प्रत्येक गाठ पडद्यावर कोठे बसवावयाची ते आधीच ठाऊक असावे लागते. कोणी दुव्यांना 'लिंक्स' म्हणतो, कोणी 'एजेस'. म्हणून फाईल बदलण्यापूर्वी पहिला प्रश्न हा की, ती कोण वाचणार आहे?

सात पुलांचा धडा

गळती किती महाग पडते हे पाहण्यासाठी या शास्त्राच्या जन्मकथेकडेच जाऊ. कोनिग्सबर्ग, म्हणजे आजचे रशियातील कॅलिनिनग्राड, या शहरात नदीमुळे जमिनीचे चार भाग झाले होते आणि त्यांना जोडणारे सात पूल होते. प्रत्येक पूल एकदा आणि एकदाच ओलांडून फिरून येता येईल काय, असा लोकांचा प्रश्न होता. लेओनहार्ड ऑयलर यांनी १७३६ च्या निबंधात त्याचे उत्तर दिले : येणार नाही.

कारण असे. वाटेत लागणाऱ्या भागात जितक्या वेळा शिरावे तितक्याच वेळा बाहेर पडावे लागते, म्हणून तेथे पुलांची संख्या सम असली पाहिजे; विषम चालते ती फार तर आरंभाच्या व शेवटच्या ठिकाणी. कोनिग्सबर्गमध्ये मधल्या बेटाला पाच पूल आणि बाकीच्या तिन्ही भागांना तीन-तीन. चारही विषम, म्हणून वाट नाही.

आता हेच जाळे संगणकात घाला. बेट आणि उत्तर किनारा यांच्यामध्ये दोन पूल होते. बेट आणि दक्षिण किनारा यांच्यामध्येही दोन. पायथॉन भाषेतील 'नेटवर्कएक्स' या संचात साधा ग्राफ आणि बहुदुव्यांचा मल्टिग्राफ असे दोन प्रकार आहेत. साध्या ग्राफमध्ये दोन गाठींत एकच दुवा मावतो. दुसरा घातला तर तो पहिल्यातच विरून जातो आणि संगणक त्याबद्दल चकार शब्द काढीत नाही. सात पुलांचे पाच होतात. बेटाला तीन, दोन्ही किनाऱ्यांना दोन-दोन आणि पूर्वेकडील भागाला तीन. विषम गाठी दोनच उरल्या. आणि बेटावरून निघून पूर्वेला संपणारी वाट आता खुशाल सापडते. जे अशक्य म्हणून सिद्ध झाले होते ते फाईल बदलताच शक्य झाले! चित्र सुबक दिसते, तक्रार कोणाची नाही, आणि उत्तर मात्र खोटे. मल्टिग्राफ वापरला, किंवा दोन पुलांच्या जागी एक दुवा ठेवून त्यावर 'वजन २' असे लिहिले, तर ही फसगत टळते.

गळतीच्या जागा

पहिली जागा क्रमांकाची. पायेकमध्ये गाठी एकपासून मोजतात. जावास्क्रिप्टमध्ये यादी शून्यापासून सुरू होते. क्रमांक जसेच्या तसे उतरविले तर प्रत्येक दुवा एक घर पुढे सरकतो आणि एकाचे नाते त्याच्या पुढच्याला चिकटते. यावर उपाय म्हणजे यादीतील जागेवर विसंबू नये; प्रत्येक गाठीला स्वतःची कायमची खूण द्यावी आणि दुव्यात तीच लिहावी. डी३ मध्ये ही खूण कोणती ते सांगण्याची सोय आहे. ते सांगितले नाही तर तो जागेवरच मोजतो. ही खूण अक्षरांत ठेवावी. हजेरीपत्रकातील ००४७ हा आकडा समजून घेतला गेला की ४७ होतो आणि तो टोकन क्रमांक मग कोणाचाच राहत नाही.

दुसरी जागा आकड्याची. ग्राफएमएल आणि जीईएक्सएफ यांत सगळा मजकूर अक्षरांच्या रूपात असतो. अमुक सदरात आकडा आहे हे फाईलच्या आरंभी जाहीर केलेले असते. ते जाहीर वाचन टाळून नुसता मजकूर उचलला तर जावास्क्रिप्टमध्ये अक्षरी २ आणि अक्षरी ३ यांची बेरीज २३ होते. मजुरीच्या रकमा अशा जोडल्या तर काय अनर्थ होईल ते सांगावयास नको. सदराचे खरे नावही त्याच आरंभीच्या जाहीरनाम्यात असते. तो गाळला की 'मजुरी' हे नाव जाऊन नुसती सांकेतिक खूण उरते.

तिसरी जागा दिशेची. ठेकेदार पोटठेकेदाराला काम देतो. पोटठेकेदार ठेकेदाराला देत नाही. पायेकमध्ये बाणाच्या व बिनबाणाच्या दुव्यांची सदरे वेगळी असतात. जीएमएलमध्ये जाळे दिशायुक्त आहे असे सांगितले नाही तर ते बिनदिशेचे समजले जाते. डी३ दुव्याची दोन टोके जपतो खरा, पण बाण काढा असे सांगितल्यावाचून काढीत नाही. आणि बाण गेला म्हणजे आमच्या कामातला मुख्य प्रश्नच गेला : जबाबदारी कोणाकडून कोणाकडे जाते?

चौथी जागा आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुष्कळदा जाळे नुसत्या दुव्यांच्या यादीने लिहितात : एका ओळीत दोन नावे. सोपी रीत आहे. पण ज्याला एकही दुवा नाही त्याचे नाव या यादीत कोठेच येत नाही. याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. व्हिक्टर ह्यूगो यांच्या 'ले मिझेराब्ल' या १८६२ च्या कादंबरीतील पात्रांचे जाळे डोनाल्ड क्नुथ यांनी 'स्टॅनफर्ड ग्राफबेस' या १९९३ च्या ग्रंथासाठी तयार केले. दोन पात्रे एका प्रकरणात एकत्र आली की एक दुवा. पुढे हे जाळे जीएमएलमध्ये गेले, जेसनमध्ये गेले आणि डी३ च्या उदाहरणांमुळे जगभर पसरले. ग्राफ रंगविण्याच्या गणितासाठी जी फाईल वापरतात तीत ८० गाठी आणि २५४ दुवे आहेत. वेबवर सर्वत्र दिसणाऱ्या फाईलीत दुवे तेच २५४, गाठी मात्र ७७. ज्यांना एकही दुवा नाही अशी तीन पात्रे तेथे नाहीत. चित्रासाठी त्याने काही बिघडत नाही. पण जाळे कामगारांचे असेल, तर ज्याची कोणाशी ओळख नाही, ज्याला कोणी सभेला बोलावीत नाही, तोच माणूस फाईलीतून नाहीसा होतो. आणि संघटनेने प्रथम जावयाचे ते त्याच्याकडेच. म्हणून गाठींची यादी नेहमी वेगळी ठेवावी.

जे गाळलेच पाहिजे

आतापर्यंत गळू नये ते सांगितले. आता उलट बाजू. वेबच्या पानावर जाळे दाखविताना सहसा सगळी फाईल पाहणाऱ्याच्या ब्राउझरकडे पाठविली जाते. पडद्यावर नाव दाखविले नाही, मोबाईलचा क्रमांक झाकला, तरी फाईलीत तो असेल तर कोणीही ती उघडून वाचू शकतो. झाकणे आणि गाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणता कामगार कोणाशी बोलतो, सभासद होण्याच्या विचारात कोण आहे, हे जाळे चुकीच्या हाती पडले तर माणसाची नोकरी जाते. म्हणून नाव, क्रमांक, पत्ता हे ब्राउझरमध्ये नव्हे, तर फाईल बदलतानाच काढून टाकावे.

नावाऐवजी आकडा लिहिला म्हणजे भागले असेही नाही. बॅकस्ट्रॉम, ड्वर्क आणि क्लाइनबर्ग या संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले की, नावे पुसलेल्या जाळ्यातही नुसत्या दुव्यांच्या रचनेवरून काही माणसे ओळखता येतात. तीस माणसांच्या खात्यात सत्तावीस जणांशी जोडलेली गाठ कोणाची, हे सांगावयास नाव लागत नाही. अशा वेळी माणसांऐवजी खाते किंवा पाळी ही गाठ धरावी, अथवा ते जाळे वेबवर ठेवूच नये.

मेळ घालणे

रोकडवही जशी रोज मेळ घालून बंद करतात, तसा प्रत्येक फाईलीचा मेळ घालावा. मूळ फाईल जशीच्या तशी ठेवावी. बदल हाताने करू नये. लहानसा प्रोग्रॅम लिहावा, म्हणजे यादी वाढली की तोच पुन्हा चालविता येतो. नेटवर्कएक्स वर सांगितलेल्या चारही रीती वाचतो आणि जेसनसाठी यादी तयार करून देतो. मग दोन्हीकडे मोजावे : गाठी किती, दुवे किती, दुवा नसलेल्या गाठी किती, वजनांची बेरीज किती, दिशा आहे की नाही. एखादी चांगली माहितीची गाठ घेऊन तिचे सर्व दुवे नावानिशी ताडून पाहावे. क्रमांक सरकला असेल तर येथे हटकून सापडतो. शेवटी नवी फाईल संपादकात उघडून तिच्यात कोणाचे नाव वा मोबाईल क्रमांक शिल्लक नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. जे आकडे जुळत नाहीत त्यांच्यापुढे कारण लिहावे. कारण लिहिता आले तर ती निवड, न आले तर ती गळती.

हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि त्याला पदवी लागत नाही. हिशेब तपासण्याची सवय लागते. ती आपल्या कामगार बंधुभगिनींपाशी भरपूर आहे. पगाराची चिठ्ठी ते ज्या डोळ्याने तपासतात, त्याच डोळ्याने त्यांनी आपल्याविषयी संगणकात लिहिलेले जाळेही तपासावे, एवढीच आमची विनंती आहे.